बादलीतला डोंगर

दिवा खाली जायचा. ज्योत आधी लांबट व्हायची, मग मान टाकायची, आणि शेवटच्या पायरीशी पोचली की विझून जायची. वारा नाही, फुंकर नाही, पाण्याचा थेंब नाही. विझली की तळघरात दाटीवाटीनं उभी असलेली सगळी माणसं एका सुरात म्हणायची, "घेतला! आईनं घेतला!"

मग मांडीबाबा लांब सोनेरी दांडीला टांगलेला तो दिवा वर ओढायचा, सगळ्यांना धुमसणारी वात दाखवायचा आणि म्हणायचा, "बघितलंत? आईच्या पोटात आग आहे, म्हणून तिला बाहेरची आग चालत नाही. कसं काय, ते विचारायचं नाही. विचारलं की माया आटते."

हे शेवटचं वाक्य तो दर वेळी म्हणायचा. दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते ना, तसं.

तळघर होतं बंद पडलेल्या जुन्या स्नानगृहाचं, आणि आई म्हणजे आमच्या गावामागचा डोंगर. डोंगर म्हणजे निजलेला ज्वालामुखी. तो जागा झालेला आमच्या कुणाच्या पणजोबांनीही पाहिला नव्हता. त्याच्या पायथ्याचे झरे मात्र कोमट, आणि त्यांच्या पाण्याला उपजतच फसफस. तेच पाणी बाटल्यांत भरून विकायचा कारखाना गावात आहे आणि निम्म्या गावाची चूल त्या सोड्यावर पेटते. आमचीही. मी तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्यांमधला वायू तपासायची. माझा नवरा टाक्या धुणाऱ्या टोळीचा मुकादम. मूल झाल्यापासून मी रजेवर होते.

मूल म्हणजे आमची चिमणी. ती रडायची. सगळीच मुलं रडतात, पण ही थांबायचीच नाही. दूध पाजलं, खांद्यावर घेतलं, फिरवलं, दिव्याकडे बघायला लावलं, सगळं झालं. सुरुवातीला तिच्याबरोबर मीही रडायचे. मग तेही बंद झालं. ती रडायची आणि मी पडद्याची शिवण बघत बसायचे. आत काही हलायचं नाही. माझी एकच सवय शिल्लक होती : ती गप्प झाली की तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चाललाय ना, ते बघायचं. रात्री-बेरात्री, दिवसाढवळ्या, भाजी चिरता चिरता उठून बघायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, श्वास काय तुझ्या परवानगीनं घेते का ती?"

सासूबाईंनीच मांडीबाबाची बातमी आणली. "शिंप्याच्या नातवाला नेलं, गप्प झाला. पोस्टातल्या बाईंची जुळी, दोन्ही गप्प. एक पैसा मागत नाही माणूस. पेटी ठेवलीय, ज्याची त्याची इच्छा."

"करतो काय?"

"काही करत नाही. डोंगराच्या मांडीवर ठेवतो. झोपतं मूल."

मला झोप हवी होती. चिमणीला यावी म्हणून आणि मला मिळावी म्हणूनही. मी निघाले.

तळघराच्या पायऱ्या खाली एका दगडी खड्ड्यात उतरत होत्या. पूर्वी त्यात गरम पाणी असायचं. आता कोरडा होता. शेवटच्या पायरीच्या जरा वर एक रुंद कट्टा होता, त्यावर मऊ गादी. तीच मांडी. आयांनी वरच थांबायचं, असा नियम होता. "आईची आई असताना तुमचं काय काम?" बाबा म्हणाला आणि लोक हसले. त्यानं चिमणीला माझ्याकडून घेतलं आणि गुडघे न वाकवता, लांब हातांनी, भट्टीत पाव सरकवावा तशी गादीवर सरकवली. मग ताठ उभं राहून काहीतरी पुटपुटू लागला.

चिमणी रडत होती. मग रडण्याला धाप लागली. मग आवाज बारीक झाला आणि थांबला.

"घेतलं!" लोक म्हणाले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी नियम मोडून खाली उतरले. सवय. छातीवर हात ठेवायला वाकले, आणि दोन गोष्टी कळल्या. एक, चिमणीची छाती लांबून धावत आलेल्या माणसासारखी वरखाली होत होती. दुसरी, माझ्या नाकात झिणझिण्या आल्या आणि जिभेवर आंबूस काहीतरी. ओळखीचं. पण तेव्हा माझं डोकं इतकं बधिर होतं, की ओळखीचं आहे एवढंच कळलं, कोण ते कळलं नाही.

"ए बाई, वर हो!" बाबा ओरडला. "आईच्या मांडीत डोकं घालतेस?" त्यानं चिमणीला पटकन उचललं. त्या पटकनपणाचाही मी तेव्हा विचार केला नाही. घरी आलो. ती पडून राहिली. मी तिच्या शेजारी पडले आणि दगडासारखी झोपले.

जाग आल्यावर पाहिलं तर तिचे ओठ फिकट होते. ती कण्हत होती, आणि प्यायलेलं दूध तिनं उलटून टाकलं.

"विष बाहेर पडतंय," सासूबाई म्हणाल्या. "बाबांनी सांगितलंच होतं, असं होतं म्हणून. आणि ऐक, रविवारी मोठी मांडी आहे. पार तळाशी ठेवतात, जिथं दिवा विझतो ना तिथंच. त्यानंतर मूल पुन्हा म्हणून रडत नाही. पहिला मान आपल्या चिमणीचा, असं म्हणाले स्वतः."

पुन्हा म्हणून रडत नाही. ते वाक्य मी ऐकलं आणि मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. फक्त पायात चपला घातल्या, चिमणीला गुंडाळलं आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे मी बोलू शकले. "झोपलेलं मूल संथ श्वास घेतं," त्या म्हणाल्या. "धापा टाकणारं मूल झोपलेलं नसतं, गुंगलेलं असतं. तुम्ही छातीवर हात ठेवलात ते बरं केलंत." मग त्यांनी चिमणीच्या कानात बॅटरी धरली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "हा बघा तुमचा रडका देव. कान पिकलाय. आडवी झाली की ठणकतो, म्हणून निजत नाही. औषध देते. पण त्या तळघरात आहे तरी काय? धूर? कसला वास?"

"वास नाही," मी म्हणाले. "नाकात झिणझिण्या येतात. सोडा पिऊन ढेकर नाकातून..."

आणि तिथंच थांबले. आयुष्याची इतकी वर्षं मी दिवसभर तोच वायू हुंगला होता. बाटलीतला. बाटलीबाहेर भेटला आणि मी त्याला ओळखलं नाही. रोज पांढऱ्या कोटात दिसणारा माणूस बाजारात साध्या कपड्यांत दिसला की होतं, तसं.

घरी आले तेव्हा नवरा जेवत होता. मी त्याच्यासमोर बसले.

"टाकीत उतरण्याआधी तुम्ही काय करता?"

"हे काय आता मध्येच? दांडीला मेणबत्ती लावून आत सोडतो."

"आणि विझली तर?"

"विझली तर कुणी उतरत नाही. तळाशी वायू साचलाय, हे उघड आहे. पंखा सोडतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी, विझली तर बाहेर." त्यानं घास घेतला. "का?"

"आणि तळघरात विझली तर?"

त्याचा हात ताटातच राहिला. "तिथलं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"तिथं... तिथं बाबा असतो." बोलल्यावर त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं. पण त्यानं मान हलवली. "अगं, कारखान्यात आपण वायू भरतो. तळघरात कोण भरायला गेलंय?"

"झऱ्यात कोण भरतं?"

त्यानं ताट बाजूला सारलं. दारातून सासूबाई म्हणाल्या, "झालं तुमचं कॉलेज? रविवारी न्यायचं म्हणजे न्यायचं. शब्द दिलाय मी. गावात तोंड दाखवायचंय मला."

मी वाद घातला नाही. अंगात त्राण नव्हतं. आणि चिमणीला एकवेळ घरी ठेवली असती, पण मांडी रिकामी राहिली नसती. तिच्याऐवजी शिंप्याचा नातू पहिला झाला असता, नाहीतर जुळी.

"जाऊ या," मी म्हणाले. "मी बादली घेऊन येते."

"बादली कशाला?"

"तीर्थ आणायला."

रविवारी सकाळी तळघर गच्च भरलं होतं. वरच्या दालनात दानपेटी, तिच्यापुढे तबकात ओळीनं पेटवलेले दिवे. चिमणीला मी डॉक्टरीणबाईंकडे दिलं होतं. त्या दवाखाना बंद करून आल्या होत्या आणि वरच्या दाराशी, उघड्या हवेत, तिला घेऊन उभ्या होत्या. मी खाली गेले ते बादली, दोरी, साबणाच्या पाण्याची वाटी आणि तारेचं कडं घेऊन.

बाबानं दिवा सोडला, दिवा विझला, लोक म्हणाले, "घेतला!"

"बाबा," मी म्हणाले, "आधी जरा आईशी खेळू का?"

त्याला नाही म्हणता येईना, इतके लोक बघत होते. मी कडं पाण्यात बुडवलं आणि फुंकलं. फुगे निघाले, तरंगत खाली गेले. खड्ड्याच्या तळाला टेकून फुटायला हवे होते. फुटले नाहीत. कट्ट्याच्याच उंचीवर, मोकळ्या जागेत, ते अडले. काचेवर ठेवल्यासारखे वरखाली हलले आणि तिथंच तरंगत राहिले.

सगळ्यांच्या माना पुढे आल्या. मग पोस्टातल्या बाई किंचाळल्या, "झेललं! आईनं झेललं!" आणि धडाधड हात जोडले गेले.

मला हसू यायला हवं होतं. मी दाखवायला गेले एक आणि त्यांनी आणखी एक चमत्कार करून घेतला. बाबासुद्धा क्षणभर त्या फुग्यांकडे बघत राहिला. मग सावरला. "पाहिलंत! शिकलेल्या बाईशीही आई खेळते! अशी आहे माया!"

"मग थोडी माया घरी नेते," मी म्हणाले आणि दोरीला बांधलेली बादली खाली सोडली. तळाशी आडवी केली, उभी केली, सावकाश ओढून वर घेतली.

"वेडी झाली," कुणीतरी म्हणालं. "रिकामीच आहे."

"रिकामी असेल तर काय बिघडलं," मी म्हणाले आणि बादली धक्का न लागू देता पायऱ्या चढले. माझ्यामागून सगळे चढले. नवरा सर्वांत मागे होता. जाता जाता त्यानं कोपऱ्यात टेकवलेली सोनेरी दांडी हातात घेतलेली मी पाहिली.

वरच्या दालनात ऊन आलेलं होतं. दिव्यांची ओळ स्थिर जळत होती. मी बादली तबकावर कलती केली, पाणी ओतावं तशी. बादलीतून काहीही पडलं नाही. पहिला दिवा विझला. दुसरा. तिसरा. ओळीच्या टोकापर्यंत.

"घे..." शिंपी म्हणायला लागला आणि तोंड उघडंच राहिलं.

"काय घेतलं, काका?" मी विचारलं. "आई तर खाली आहे. इथं तर माझी धुण्याची बादली आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबाच्या चमत्कारावर कुणी हसलेलं मी तिथं पहिल्यांदाच ऐकलं.

"ही बाई अपवित्र आहे!" बाबा ओरडला. "आईला बादलीत कोंडलं हिनं!"

"बादलीत मावते ती कसली आई?" डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या.

मग मी पिशवीतून आमच्याच कारखान्याची बाटली काढली. उंच पेल्यात सोडा ओतला, फसफस बसू दिली आणि तारेला लावलेली जळती मेणबत्ती पेल्याच्या तोंडातून आत, पाण्याच्या वर, सोडली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली, पुन्हा विझली. सगळी कारखान्यातली माणसं होती. त्यांना याहून जास्त सांगावं लागलं नाही. एकेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तरी बाबा म्हणाला, "सोड्याचं सोड्यापाशी! माझ्या सिद्धीचा त्याच्याशी काय संबंध?"

तेव्हा नवरा पुढे आला. दांडीवरचा सोनेरी रंग त्यानं नखानं खरवडला. खाली आमच्या कारखान्याचा ठसा होता, आणि गुडघ्याच्या उंचीवर कोरलेली खूण. "ही दांडी आमच्या भांडारातली आहे," तो म्हणाला. "आणि ही खूण मी कोरलीय. वायू एवढ्याच उंचीवर असला तरी उतरायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून. तू टाक्यांना रंग द्यायला आला होतास, तेव्हा ही दाढी नव्हती. तुला पहिल्या दिवशी मी स्वतः शिकवलं होतं. म्हणून तू कधी वाकत नाहीस." त्यानं खुणेवर बोट ठेवलं. "आणि माझी मुलगी तू खुणेच्या खाली ठेवणार होतास."

बाबा दाराकडे सरकला. दारात माणसं होती. कुणी हात उगारला नाही. फक्त वाट दिली नाही, पोलिसांचा माणूस येईपर्यंत. त्या वेळात सासूबाई दानपेटीजवळच्या पायरीवर बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

"पण डोंगरात सोडा कुठून आला गं?" त्यांनी हळूच विचारलं. बाबानं बंदी घातलेला तोच प्रश्न.

मी त्यांना सांगितलं. डोंगराच्या खूप खाली खडक वितळलेला असतो. त्याला शिलारस म्हणतात. त्यात वायू विरघळलेले असतात : पाण्याची वाफ, गंधकाचे वायू आणि आपल्या बाटलीतला हा, कार्बन डायऑक्साइड. वरच्या खडकांचं वजन म्हणजे बाटलीचं झाकण. झाकण घट्ट तोवर वायू विरघळलेलाच राहतो, दिसतसुद्धा नाही. शिलारस वर सरकला, दाब उतरला, की बुडबुडे सुटतात. शिलारस पातळ असेल तर वायू मुकाट्यानं निघून जातो. चिकट असेल तर आत कोंडतो, आणि मग डोंगर फुटतो, हलवलेली बाटली उघडावी तसा. या सगळ्यांत कार्बन डायऑक्साइडला धीर सर्वांत कमी. तो फार खोलवरच सुटतो आणि भेगांमधून वर येत राहतो, डोंगर निजलेला असला तरी. झऱ्यात आला तर फसफस होते आणि आपला पगार होतो. तळघरात आला तर हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो, म्हणूनच फुगे त्याच्यावर तरंगले, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो.

"म्हणजे मी तिला..." सासूबाई म्हणाल्या आणि वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. पहिल्यांदा तिथं तिला माझ्याच हातांनी दिलं होतं.

मला विजय वगैरे वाटला नाही. लोक येऊन बोलत होते, मी मान हलवत होते. एवढंच दिसत होतं, की माझ्या हातातली रिकामी बादली मी अजून सरळ धरून ठेवलीय, सांडू नये म्हणून.

मग दारात चिमणी जागी झाली आणि रडायला लागली. औषधानं ठणका उतरला होता, ही भूक होती. पण आवाज तोच, कानठळ्या बसवणारा. सवयीनं दोघी-तिघी बायका म्हणाल्या, "अगं, गप्प कर तिला."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "रडू दे."

मी तिला घेतलं. छातीवर हात ठेवला. रडता रडता ती मोठा श्वास ओढत होती, अख्ख्या दालनातली हवा हवी असल्यासारखा. तेव्हा आत कुठंतरी, किती दिवसांनी, थोडंसं हललं.

ते तळघर आता बंद आहे. नवऱ्याच्या टोळीनं तळाशी झरोका पाडून पंखा बसवला आणि दाराला कुलूप लावलं. पाटीही लावली. तिच्यावर मंत्र नाही, कारखान्यातलंच वाक्य आहे : ज्योत विझली तर बाहेर.

हे लिहिलं ते माझ्यासारख्या आयांसाठी. थकलेल्या माणसाला चमत्कार हवासा वाटतो, यात लाज नाही. मलाही हवा होता. पण 'कसं काय' विचारू नका, असं जो म्हणेल, त्याच्या हातात मूल देऊ नका. तुम्ही कामावर जे डोळ्यांनी बघता, हातांनी तपासता, ते देवळात, तळघरात, कुठल्याही बाबाच्या दारात तितकंच खरं असतं. दाराबाहेर चपला काढा हवं तर. डोकं काढून ठेवू नका. आणि मूल अचानक गप्प झालं तर हात जोडण्याआधी एक हात त्याच्या छातीवर ठेवा.